खोटं न बोलता घर विकणे आहे

त्या वर्षी थंडी पडायच्या आत आईला भिलाईतून बाहेर काढायचं होतं. बाकीचं सगळं त्याच्यामागून आलं, म्हणून तेच आधी सांगते.

पावर हाउस म्हणतात त्या बाजारापासून रेल्वेलाइनच्या कडेकडेनं चालत गेलं की जी शेवटची वस्ती लागायची, तिच्यात आमचं घर होतं. बाबा रेल्वेत पॉइंट्समन, रुळांचे सांधे बदलणारे. भंडाऱ्याकडून बदली होऊन ते दुर्गच्या लाइनवर आले, तेव्हा इथं स्टेशन, धानाची शेतं आणि कोल्हे एवढंच होतं म्हणतात. रिटायर व्हायच्या थोडं आधी त्यांनी जुन्या मालगुजाराची जागा वर्षाच्या भाड्यानं घेतली आणि तिच्यावर घर बांधलं. जागा त्याची, घर आमचं. मातीच्या भिंती, छप्पर पेलायला सागवानाचे म्याल, सागवानाची दारं, वर कवेलू, म्हणजे कौलं. एकेक लाकूड बाबांनी वाजवून, हुंगून आणलेलं. दुसऱ्याच्या जागेवर कुणी एवढं चांगलं लाकूड घालतं का, असं शेजारी विचारायचे. बाबा म्हणायचे, "डोक्यावर कोसळलं तर जागा कोनाची हाय हे पाहून कोसळते काय?"

मग पोलादाचा कारखाना आला. आणि कारखान्याच्या मागून आमच्या वस्तीच्या अंगावर दगड फोडून गिट्टी, म्हणजे खडी, करणारा क्रशर आला.

कारखाना उभा करायचा तर गिट्टी लागते, हे मलाही कळतं. मी कारखान्याच्या विरोधात नाही. माझ्या वयाची इथली निम्मी पोरं त्याच्यावर जगतात. पण गिट्टी फोडणारा ठेकेदार आपला क्रशर लोकांच्या चुलीपासून किती लांब मांडतो, दगडावर दोन बादल्या पाणी मारतो की नाही, हे विचारायला कुणाच्या बापाची परवानगी लागते? मी विचारलं. लिहून विचारलं, छापून विचारलं. तेव्हा मी शाळेत शिकवत होते आणि उरलेल्या वेळात वस्तीतल्या नळासाठी, रस्त्यासाठी, मजुरांच्या झोपड्यांसाठी पत्रकं लिहून वाटत होते. वस्तीत मला नावानं कुणी हाक मारायचं नाही, पर्चेवाली म्हणायचे. धुळीवरचं माझं पत्रक ठेकेदाराच्या मुनशीनं माझ्यासमोर घेतलं, आदरानं घडी घातली आणि त्यात भजी ठेवून खाल्ली.

आईला दमा होता. आधी कधीमधी, मग रोज. बोलताना ती वाक्य मधेच ठेवायची, श्वास घ्यायची, मग पुढचं बोलायची. तेवढ्यात शेजारणी आपलं बोलणं घुसवायच्या, आणि याचा तिला दम्यापेक्षा जास्त राग यायचा. डॉक्टरांनी बाबांना बाजूला घेऊन सांगितलं की हिला या धुळीतून काढा. थंडीत धूळ वर जात नाही, खाली बसून राहते, आणि यंदाची थंडी हिच्या छातीला झेपणार नाही.

तुमसरकडच्या गावात मामानं परड्यातली जागा द्यायचं कबूल केलं होतं. तिकडं लाकडाला तोटा नाही, जंगल जवळ. तोटा होता तो खोल्या उभ्या करायच्या मजुरीचा. म्हणजे इथलं घर विकल्याशिवाय तिथलं उभं राहत नव्हतं. आणि दसरा तर होऊन गेला होता.

घर विकायचं म्हटल्यावर दलाल आलाच. पावर हाउसला सायकलच्या दुकानासमोर खाट टाकून बसायचा तो. कारखान्यामुळं देशभराची माणसं येऊन राहिली होती, प्रत्येकाला डोक्यावर छप्पर पाहिजे होतं, आणि त्या प्रत्येकाच्या आणि छपराच्या मधे ही खाट होती. तो घरात शिरला, वर बघितलं, खाली बघितलं, आणि बाबांना म्हणाला, "बाबूजी, पहिले चूना पुतवाओ. जहाँ टपकता है, वहाँ अलमारी खड़ी कर दो. और माताजी को दो-चार दिन कहीं भेज दो. गाहक के सामने खाँसेंगी तो सौदा बैठ जाएगा."

आई दाराआड होती. तिनं ऐकलं.

मी त्याला तिथल्या तिथं बाहेर काढलं. अजूनही मला त्याचं काही वाईट वाटत नाही. माणसाला धुळीनं खोकला यावा आणि वर तो खोकला लपवायला माणसालाच घराबाहेर घालवावं? मी म्हटलं, आमचं घर आम्ही विकू. मधे कोणी नको.

बाबा हो म्हणाले. त्यांना दलाली वाचवायची नव्हती. त्यांना अलमारीचं पटलं नव्हतं.

आता विकायचं कसं? मला एकच काम येत होतं, ते मी केलं. हिंदीत पत्रक लिहिलं, कारण इथं बंगाली, पंजाबी, तेलुगू सगळ्यांना हिंदीच पोचते. ओळखीच्या छापखान्यातून उरल्यासुरल्या लाल कागदावर छापून आणलं आणि पावर हाउसच्या चहावाल्यापासून रेल्वेच्या पुलापर्यंत चिकटवलं. "भाइयो और बहनो! दलालों से सावधान! एक रेलवे मज़दूर का घर बिक रहा है!" असं वर मोठ्या अक्षरांत. खाली पत्ता, आणि "रविवार को सब आएँ."

रविवारी आले. अंगण भरलं. माझी छाती फुगली. बाबांनी स्वच्छ धोतर नेसलं, आईनं पाटावर पानसुपारी ठेवली. मग त्यातला एक वेल्डर पुढं झाला आणि बाबांचा हात धरून म्हणाला, "काका, घबराना मत. हम बिकने नहीं देंगे."

"काय?" बाबा म्हणाले.

"किसकी हिम्मत है जो आपका घर बेचे? नाम बताओ."

मागून एक घोषणासुद्धा आली. मी ओट्यावर उभी राहून समजावत होते की बाबांवर कुणी जबरदस्ती करत नाही, आम्हीच विकतोय, आमच्या मर्जीनं. आणि जितकं समजावत होते तितकं ते माझ्याकडं दयेनं बघत होते. पोरीला धमकी दिलेली दिसते, असं एकजण दुसऱ्याला म्हणाला. शेवटी आईनं आतून डबा आणून सगळ्यांना चिवडा दिला, तेव्हा ते गेले. जाताना म्हणाले, रात्री-बेरात्री काही झालं तर आवाज द्या.

आई हसत हसत धापा टाकत भिंतीला टेकली. "तुझ्या कागदानं... घर विकन्यापेक्षा... लढाई सुरू होऊन राहिली वो."

मी पत्रकं उपटून काढली. मग बाबांनी शाळकरी पाटीवर खडूनं लिहिलं, घर विकणे आहे, खाली हिंदीत तेच, आणि पाटी दाराला टांगली. तिच्यावर लोक येऊ लागले.

आणि इथून खरी पंचाईत सुरू झाली, कारण घर दाखवायचे बाबा.

रेल्वेत ड्युटी संपली की माणूस उठून घरी जात नाही. दुसऱ्याला चार्ज देतो. कुठल्या लाइनवर डबा उभा आहे, कुठला दिवा जळत नाही, कुठला पॉइंट जड चालतो आणि त्याला कसा हिसका द्यावा लागतो, सगळं सांगतो. चांगलं काय ते सांगायची गरज नसते. चांगलं आपोआप चालतं. सांगायचं ते बिघडलेलं. न सांगता गेलात आणि मागं काही झालं, तर दोष तुमचा. जन्मभर बाबांनी असा चार्ज दिला आणि घेतला. घर दुसऱ्याच्या हवाली करायचं म्हटल्यावर त्यांना दुसरी कुठलीच रीत माहीत नव्हती.

पहिला आला तो कारखान्याच्या ऑफिसातला एक बंगाली बाबू आणि त्याची बायको. बाबांनी त्यांना ओसरीत उभं केलं आणि बोट वर केलं. "इधर चूता है. हर साल कवेलू फेरना पड़ता. नहीं फेरा तो उधर भी चूता है." मग आत. "इस भिंत को ओल आती. इस कोनाड्यात हाथ मत डालना, बिच्छू निकलता है. पिछले साल निकला था. बड़ा था." मग मागं. "पानी का नळ नहीं. विहीर है, पर उन्हाळ्यात खाली जाती." बाई पदर सावरत एकेक पाऊल मागं सरकत होती. बाबू फार सभ्य माणूस. तो जाताना म्हणाला, आपका बहुत उपकार.

मग एक सरदारजी आला, ट्रक चालवायचा. त्यानं बाबांचं सगळं ऐकलं, विंचवाची लांबीसुद्धा विचारली, आणि पोट धरून हसायला लागला. "ओ बाबाजी, घर बेच रहे हो या डरा रहे हो?" त्यानं घर घेतलं नाही, पण चहा घेतला, आणि मग तो ज्याला त्याला सांगत सुटला की लाइनच्या कडेला एक डरानेवाले बाबा आहेत, मुद्दाम जाऊन ऐका.

एक कुटुंब आपल्याच बाजूचं आलं, साकोलीकडचं. मुलगा कारखान्यात फिटर. आई, बाप, आत्या, सगळेच आले. मला जरा आशा वाटली. बाबा विंचवापर्यंत पोचले तरी हे लोक हलले नाहीत. आत्यानं पाणी मागितलं, मी आणलं. तिनं विचारलं, किती शिकली? स्वयंपाक येते? रंग उन्हानं असा हाय की मुळातच? मला समजायला वेळ लागला. घर पाहायला आलेली माणसं मधल्या मधे मला पाहायला बसली होती, आणि बाबा, माझे बाबा, मुलाचं गोत्र विचारून राहिले होते.

मी म्हटलं, "पाटीवर नीट वाचा जी. घर विकणे आहे. मी नाही."

आत्या उठली. "बाई, तोंडाची लई तेज हाय." आणि दारातून बाबांना म्हणाली, "तुमी इचवाचं सांगितलं, हिचं नाई सांगितलं!"

हसू आलं, पण दिवस जात होते. पहाटे आता चादर लागायला लागली होती. क्रशर भोंग्याबरोबर सुरू व्हायचा आणि धूळ पारावर, तुळशीवर, वाळत घातलेल्या लुगड्यांवर तशीच बसून राहायची. आई कामं निम्मी करून बसायची. भाकरी थापताना मधे थांबायची, हात पिठातच.

एकदा ती बाबांना म्हणाली, "अजी, तुमाले कोन विचारते... का कुठं चूते म्हनून? घेनाऱ्याले डोळे नाईत काय?"

"आन् मागून त्याच्या डोक्यावर गळलं तं?"

"तं तो कवेलू फेरन! सगळं जग... फेरते."

बाबांनी वर कवेलूंकडं बघितलं. मग म्हणाले, "बरं. विचारल्याशिवाय नाई सांगत."

"आन् माझ्या छातीचं तर... मुळीच नाई सांगायचं. कोनाले सांगायचं काम नाई. कावून विकता म्हनलं तर म्हना... गावाकडं जायचं हाय."

मी तिच्या बाजूनं होते. इतकी वर्षं मी ओरडून सांगत आले की लपवालपवी हा गुन्हा आहे, दलाल लपवतात, ठेकेदार लपवतात. पण माझ्या डोळ्यांसमोर माझी आई श्वास मोजून खर्च करत होती. मी बाबांना म्हटलं, "बाबा, तुम्ही मागं बसा. मी दाखवते." ते ओट्यावर जाऊन बसले. चार्ज दुसऱ्यानं दिला तर चालतो का, असं त्यांनी मला विचारलं नाही. चेहऱ्यावर दिसत होतं.

त्याच आठवड्यात एक जोडपं आलं. इथलंच, छत्तीसगढी. त्यांचं गाव कारखान्याच्या जागेत गेलं होतं. दोघंही मातीकामावर होती. तो फावडं चालवायचा, ती घमेली वाहायची, आणि राहायची मजुरांच्या चटईच्या झोपड्यांत. तिच्या कडेला लेकरू होतं, नुकतं रांगायला लागलेलं. पाटी त्यांनी वाचली नव्हती, वाचता येतच नव्हतं. सरदारजीच्या ट्रकवर माल भरताना त्यांनी ऐकलं होतं.

"जेन बाबा डरवाथे, ओकरे घर हे का?" त्यानं विचारलं. भीती घालणाऱ्या बाबाचं घर हेच ना?

मी म्हटलं, हेच, पण आता भीती घालत नाहीत.

तो जरा खट्टू झाला. मग त्यानं सांगितलं की गाव उठलं तेव्हा मिळालेल्या मोबदल्यातल्या थोड्या पैशांत मधल्या एका माणसानं त्यांना बैलजोडी घेऊन दिली होती. दिसायला देखणी, आणि नांगराला जुंपली तेव्हा एक बैल आंधळा. तेव्हापासून त्यांना कुणी चांगलं चांगलं सांगायला लागलं की ते काढता पाय घेतात. म्हणून सरदारजीचं ऐकून ते मुद्दाम आले होते. हा म्हातारा सगळं वाईट सांगतो, तर त्याच्याकडं जावं.

मी काय करावं? मी गळणाऱ्या जागा दाखवल्या. विंचवाचं सांगितलं. ओल सांगितली. तो मान डोलवत होता, खूश होत होता. त्याला घर पसंत होतं; काम जवळ, बाजार जवळ. ती मात्र भिंतींकडं बघतच नव्हती. ती वर बघत होती, म्यालांकडं. आणि मग त्यानं ते विचारलं. "तुमन काबर बेचत हव?" तुम्ही का विकताय?

ओट्यावर बाबा ताठ झाले. मी म्हटलं, "गाँव जाना है." खोटं नव्हतं ते. पत्रकात असं वाक्य दुसऱ्यानं लिहिलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

तेवढ्यात त्या बाईनं लेकराला खाली सोडलं. अंगण आईनं सकाळीच सारवलं होतं. लेकरू रांगत रांगत तुळशीपर्यंत गेलं, तिथून वळून माझ्या आईपाशी आलं आणि तिच्या गुडघ्याला धरून उभं राहिलं. आईनं त्याचे हात आपल्या हातात घेतले. तळवे पांढरे. गुडघे पांढरे. एवढ्याशा वेळात. लेकरानं एक मूठ तोंडात घातली, आणि आईनं ती झटकन काढली, पदरानं पुसली, दुसरी पुसली, परत पहिली पुसली.

"नको घेऊ वो माय हे घर," ती म्हणाली.

मी म्हटलं, "आई!"

"तू थांब." मग त्या बाईला, हिंदी आणि मराठी मिसळून, थांबत थांबत: "ये धूल देखती ना? मले... येच्यानंच झालं. म्हातारी हाय मी, माझं काय. इसका छाती... अभी नवा हाय. इसको लेकर... यहाँ मत रह. मेरे वास्ते यहाँ से... निकल रहे हम. गाँव-बिव सब... बहाना."

  मी आईकडं बघू शकले नाही, कारण मला तिचा राग आला होता, खरा राग. घर विकलं जाणं हेच तिचं औषध होतं, आणि तिनं ते दुसऱ्याच्या लेकरासाठी ओतून टाकलं. बाबा ओट्यावरून उतरून आले आणि तिच्याजवळ, नुसते जवळ, उभे राहिले.

नवरा उठायच्या बेतात होता. बायको उठली नाही. तिनं लेकराला मांडीवर घेतलं आणि परत वर बघितलं. "लकड़ी बने हे," ती म्हणाली. लाकूड चांगलं आहे.

"सागवान हाय," बाबा म्हणाले. याबाबतीत ते गप्प बसणं शक्य नव्हतं.

मग ती नवऱ्याशी भराभर बोलली, आणि आम्हाला समजावं म्हणून हळू, परत. हथखोजकडच्या बाजूला सासऱ्याच्या शेताचा एक तुकडा वाचला होता. जागा होती. घर नव्हतं. नवऱ्याला कामाजवळ राहायचं होतं म्हणून इकडं फिरत होते. पण त्यांचं गाव उठलं तेव्हा कितीतरी लोकांनी दारं, म्याल, कवेलू सगळं काढून गाडीत घालून नेलं होतं. माती तेवढी मागं राहिली. माती काय, माती सगळीकडं मिळते. "दाई, ए घर ल हमन उठा के ले जाबो."

हे घर आम्ही उचलून नेतो.

मला वाटलं थट्टा करतेय. बाबांना वाटलं अपमान करतेय. ते लालबुंद झाले. "घर म्हनजे काय मालगाडी हाय? खोलून न्यायले? मी उभं केलं हे. असं मोडून..."

"अजी," आई म्हणाली, "जागा कोनाची हाय?"

"मालगुजाराची."

"आन् ते... धूळ कुठं हाय? जागेत हाय का लाकडात?"

बाबांनी दाराच्या चौकटीवर हात फिरवला.

"मंग देऊन टाका ना. लाकूड घेऊन जाते बिचारी. धूळ... इथंच ऱ्हाते."

भाव ठरला. मामाच्या परड्यात खोल्या उभ्या राहतील एवढा; त्याहून जास्त सांगायचं कारण नाही. बाबांचा आग्रह की कागद झाला पाहिजे, आणि कागदाला दोन्ही बाजूंना ओळखणारा साक्षीदार पाहिजे. आम्हाला ओळखणारे त्यांना ओळखत नव्हते, त्यांना ओळखणारे अंगठेवाले. शोधता शोधता एकच माणूस निघाला जो मजुरांच्या झोपड्यांतही जायचा आणि आमच्या वस्तीतही. दलाल.

मी नाही म्हटलं. आई म्हणाली, बोलाव. तो आला, कागद मोठ्यानं वाचून त्या दोघांना समजावला, एक शब्द न गाळता, सही केली आणि उठला. बाबांनी काही द्यायला हात पुढं केला तर म्हणाला, "रहने दो बाबूजी. दीवारें छोड़कर घर बिकते मैंने भी पहली बार देखा." मग आईकडं न बघता म्हणाला, "माताजी को जल्दी ले जाइए." मी त्याला चहा दिला. साखर कमी घातली, पण दिला.

आणि मग घर उतरलं. कवेलू आधी, हातोहात, गवताच्या थरावर गाडीत. बाबा पहिल्या दिवशी बघायला तयार नव्हते. ते पावर हाउसला जाऊन बसले. दुसऱ्या दिवशी म्याल निघायला लागले तेव्हा मात्र ते परत आले, कारण गडी चुकीच्या बाजूनं सळई घालत होता हे त्यांना लांबूनच दिसलं. यार्डात डब्यावर खूण करतात तशी त्यांनी खडूनं प्रत्येक लाकडावर खूण केली, म्हणजे तिकडं उभं करताना घोळ नको. त्या बाईच्या नवऱ्यानं सांगितलं की आकडे येत नाहीत. बाबा विचारात पडले. मग त्या बाईबरोबर बसून खुणा ठरवल्या: एकावर मासा, एकावर पान, एकावर चाक, एकावर चूल. "मछली वाला दरवाजे के ऊपर," बाबा म्हणायचे, आणि ती मागून म्हणायची. "चूल वाला अंदर. इसको पाठीमागं वाळवी लगी थी, डांबर लगाया है, हर साल लगाना." ती म्हणायची, "हर साल." एवढं लक्ष देऊन बाबांचं ऐकणारं माणूस मी तोवर पाहिलं नव्हतं. आमच्या घरात तर नाहीच.

आईला आम्ही भिलाई-तीनच्या वस्तीत मावशीकडं तेवढ्यापुरतं ठेवलं होतं, धूळ उडेल म्हणून. गाड्या निघाल्या त्या दिवशी बाबा शेवटच्या गाडीवर बसून हथखोजकडं गेले आणि दरवाज्याची चौकट उभी करूनच परतले. मी एकटी वस्तीत होते. भिंती उभ्या, वर आभाळ. कोनाडा उघडा पडला होता. मी त्यात हात घालून बघितला. काही नव्हतं.

कडाका पडायच्या आत आई-बाबा तुमसरकडं गेले. मी इथंच राहिले, मावशीकडं. शाळा आहे, आणि क्रशर आहे. तो अजून तिथंच आहे, अजून कोरडा दगड फोडतो, आणि मी अजून त्याच्यावर लिहिते. मुनशी बदललाय. नवा भजी खात नाही, पण वाचतही नाही.

संक्रांतीला सुटी काढून मी गावी गेले. खोल्या उभ्या होत्या, एकीवर अजून छप्पर व्हायचं होतं. दुपारी आई म्हणाली चल, मामाचं शेत दाखवते. रस्ता चढाचा, धुऱ्याधुऱ्यानं जाणारा. मी शहरातली चप्पल घातलेली, काट्यांतून पाय सोडवत मागं पडत गेले. ती पुढं. लुगडं खोचलेलं, डोक्यावर टोपली, टोपलीत माझ्यासाठी तुरीच्या शेंगा आणायला रिकामं फडकं. मी तिच्या पाठीकडं बघत होते. पाठ नुसती चालत होती. वरखाली होत नव्हती.

वर पोचून ती वळली आणि कमरेवर हात ठेवून ओरडली, सबंध शिवाराला ऐकू जाईल असं:

"अवो ये ना लवकर, बिमार हाय का तू, एवढी हळू कावून चालून राहिली?"